आठवड्याला चार रात्री

फॉर्मवर चार चौकोन होते.
पूर्ण वेळ. अर्धा वेळ. फक्त रात्र. बोलावू तेव्हा.
निनावेभाऊ, आमचे पायलट
(गाडी चालवणाऱ्याला आम्ही पायलटच म्हणतो),
म्हणाले, "पाचवा काहून नाही ठेवला बे यांनी,
घरी जाऊन झोपतो म्हणून?"
मी पेन उघडलं आणि वर्धा रोडचा कॉल आला.
फॉर्म डॅशबोर्डवर राहिला,
आणि मे महिन्यात डॅशबोर्डवर जे राहतं
त्याचा पापड होतो.

माझा नवरा कुलर दुरुस्त करतो.
इंदोऱ्यात दुकान, शटरएवढंच रुंद.
त्याचा हंगाम तोच माझा:
पारा सेहेचाळीसला टेकला की
त्याचे पंप जळतात, माझी माणसं.
तो बोटं सोलून घरी येतो
तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधत असते.
लग्नाला नऊ वर्षं झाली,
नऊही उन्हाळे आम्ही दारातच काढले,
किल्ली देता-घेता.
आमचा स्वतःचा कुलर
तीन वर्षांपासून एका बाजूनं गळतो.

सम्यक सहा वर्षांचा आहे.
नाव सासूबाईंनी ठेवलं, दीक्षाभूमीवरून आल्यावर.
कमी नाही, जास्त नाही, जसं हवं तसं,
असा अर्थ त्यांनी मला सांगितला होता.
त्यानं शाळेत 'माझी आई' काढली:
एक गाडी, निळा दिवा फार घोटलेला,
खिडकीत कोणी नाही.
बाईंनी विचारलं तर म्हणाला,
आई मागं बसते, बाहेरून दिसत नाही.

माझ्या बॅचची कुंदा बुटीबोरीला गेली,
कारखान्यातली प्रथमोपचार खोली, रविवार रिकामा.
दिवसभरात दोन कापलेली बोटं आणि एक पित्त.
म्हणते, झोप लागते गं, खरी झोप.
मग थोडं थांबून,
हात विसरून राहिले पण.

मी अर्ध्या वेळेवर खूण केली.
चार रात्री गाडी,
दोन सकाळी कळमन्याच्या बाजारात
हमालांना शिकवायचं.
पगार किती घटला ते सुगतनं
एका पंपाच्या बिलामागं मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं,
आणि बिल गिऱ्हाइकाला देऊन टाकलं.

मी पोतं आडवं करून विचारायचे:
हा माणूस आहे. घाम थांबला. बडबडतोय. आता?
"आता याले दोन चापट्या, मॅडम."
हशा.
सावली, मी सांगायचे. कपडे सैल. ओलं बारदान. वारा.
"अन् उसाचा रस?"
शुद्धीत नसेल तर थेंबही नाही.
दामडूजी तेवढे हसायचे नाहीत.
तंबाखू मळत ऐकायचे.

एकवीस मे. बदलीत दुपार घेतली होती.
कॉल कळमन्याचा, मिरचीचं यार्ड.
फाटक बंद. कोळशाची मालगाडी संपता संपेना.
निनावेभाऊ स्टिअरिंगवर बोटं आपटत होते,
मी मिनिटं मोजत होते, मग मोजणं सोडलं.

पोचले तर पोत्यांच्या सावलीत माणूस आडवा,
अंगावर ओलं बारदान,
दोघं पुठ्ठ्यांनी वारा घालताहेत
आणि दामडूजी त्याच्या कानाशी:
नाव सांग बे. तुझं नाव सांग.
त्यानं सांगितलं.
बरोबर सांगितलं.
दामडूजी माझ्याकडं वळले, रागानंच,
"लय उशीर केला मॅडम."
हो, मी म्हटलं.
बारा वर्षांत हा शब्द इतका हलका कधी लागला नव्हता.
डोळ्यांतलं पाणी मिरचीचं आहे
असं निनावेभाऊंनी परस्पर ठरवून टाकलं.

आठला घरी आले.
सुगतनं आमचा कुलर फरशीवर उघडला होता.
"टाकी नाही फुटली," तो म्हणाला, "वॉशर होता. दोन रुपयांचा."
सम्यक पंप धरून बसला होता, दोन्ही हातांनी.
आज कोणती ड्युटी?
उद्या रात्र.
मग आज?
मला लगेच काही सुचलं नाही.
मी बूट शोधत होते.
ते पायातच होते.