ठेवणीतली

कंपनीचा पोरगा म्हणाला,
कव्हरवर लिहू, "ठेवणीतली गाणी".
लिही बापडा, म्हटलं.
ठेवणीतली कसली, टाकलेली होती.

केमीला, ताइस्तोच्या सौनात,
बर्चच्या ढलप्यांमागे अकरा टेपा.
इर्मेलीने जाळ्याजळमटांसकट
बटाट्याच्या पोत्यात भरून आणल्या.
सातवीवर माझंच अक्षर:
"नको. फार लांबलंय."

लांबलं नव्हतं.
साडेतीन मिनिटं. आज घड्याळ लावून मोजलं.
गाणं त्याचं होतं, आणि माझ्या सगळ्या गाण्यांपेक्षा
– चाळीस वर्षांनी कबूल करायला माझं काय जातं –
उजवं.

सुरुवातीला तो आकडे मोजतो,
युक्सी, काक्सी,
आणि खोकतो.
मागे कुणीतरी फिस्सकन हसतं. मीच असणार.
तीन राहूनच जातो,
थेट ड्रम.

पोरगा म्हणाला, खोकला काय,
एका बटणात जाईल.
मी काही बोलायच्या आत
इर्मेली, एक बूट पायात, एक हातात,
दारातून म्हणाली,
पुन्हा लाव.

त्याने गाणं लावलं.

गाणं नको रे,
त्याच्या आधीचं.