काट्यावरची वही

कुडचड्याच्या काट्यावर तेवीस वर्षं
शांबा देसायानं धूळ मोजली.
ट्रक भरलेला, ट्रक रिकामा,
मधली वजाबाकी तांबडी.

खाण बंद पडली.
आता गच्चीत, पाण्याच्या टाकीआड,
तो दुर्बीण लावतो
आणि उरलेल्या वहीत, त्याच रकान्यांत लिहितो:

मंगळ. उत्तर ध्रुव. कडेला पांढरा ढग.
आठ दिवसांनी: ढग पुसट.
बर्फाच्या काठावरून पिवळट काहीतरी
खाली घसरतंय. वादळ असावं.

वजनाच्या रकान्यात नुसती रेघ.

तिथला वसंत आपल्या दुप्पट लांब,
बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफ होते,
वारा सुटतो, धूळ निघते
ताडपत्रीशिवाय, पावतीशिवाय.

सुलक्षा जिन्यातून विचारते,
‘माणसं नाहीत ना थंय?’
‘नाहीत.’
‘बरं झालं. कुणाची धुणी तांबडी व्हायची नाहीत.’

तो हसत नाही. भिंग पुसतो.
रुमालावर बारीक तांबूस ओरखडा,
इथलाच,
रस्त्यावर तर कधीपासून एक टिपर नाही.

रुमाल तो तळहातावर घेतो,
आणि सवयीनं
जरासा तोलून बघतो.