घरात मगर आणायची नाही

गुरुवारी ड्यूटी संपवून खोबरहून बस धरली.
समुद्रावरच्या पुलाच्या मधोमध पासपोर्टवर शिक्के,
पिशवीत चिवडा, आमसुलांची दोन पाकिटं
आणि वहीत नऊ महिन्यांची एस्पेरांतो,
अजून कुणाशीच न बोललेली.

मुहर्रकला दार उघडलं माहलकाबाईंनी,
सत्तरीच्या, गळ्यात शिवणाची टेप.
"सालुतोन" म्हणाल्या आणि उंबऱ्यातच नियम सांगितला:
ह्या घरात मगर आणायची नाही.
म्हणजे आपापल्या भाषेत घसरायचं नाही.
मगरच का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
अरबी नि फारसी त्यांनी चपलांशेजारी काढून ठेवली होती,
मी मराठी ठेवली, देवरुखच्या हेलासकट.

पहिला शब्द मला फुकटात मिळाला होता:
'मी' म्हणजे मीच.
पुढचं सगळं विकत.
कर्माला शेपटीचा न लावायचा, तो मी विसरायचे,
त्या टेबलावर बोट वाजवायच्या, टक्,
की मी पावाच्या मागे धावून न चिकटवायचे.
पाव म्हणजे 'पानो'. मला वाटलं, पान वाढतायत.
वाढलंही. गरम रोटी, वर मह्यावा,
मोहरीचा, माशाचा, उन्हात मुरलेला.
त्या वासानं मी कोलीमबद्दल सांगायला लागले,
तर कोलीमला शब्द कुठला!
हातांनी दाखवलं, नाक धरून दाखवलं,
त्या इतक्या हसल्या की चष्मा रोटीवर पडला.

विमानतळ जवळच. थोड्या थोड्या वेळानं
छपरावरून विमान जायचं,
वाक्य तिथल्या तिथे धरून बसायचं,
आवाज ओसरला की क्रियापदापासून पुढे.
खरं सांगते, त्या विमानांनी मला वाचवलं.

ह्या भाषेत थंडीला वेगळा शब्द नाही.
गरमच्या आधी 'माल' लावायचा, झालं: न-गरम.
म्हातारं म्हणजे न-तरुण. आजारी म्हणजे न-धड.
जुलैच्या त्या रात्री एसीखाली
मी न-गरम पाण्याचे तीन ग्लास मागून प्यायले,
तहान एकाचीच होती.

मग भिंतीवरल्या फोटोकडे न बघता
त्या म्हणाल्या, "मी एस्तास विद्विनो."
वही उघडावी लागली नाही.
हा शब्द मला आधी भेटलेला,
बँकेच्या फॉर्मवर, चौकोनात बरोबरची खूण करताना,
आणि मोठ्या जाऊबाईंच्या खालच्या आवाजात.
इथे तो मह्याव्याच्या वासात बसला होता,
नुसती माहिती म्हणून.
"मी आंकाऊ," म्हटलं. मीपण.
तेव्हाच विमान गेलं.
धरून ठेवायला कुणापाशी वाक्य नव्हतं.

सकाळी चहा ओतताना त्या म्हणाल्या,
रात्री झोपेत तू मगर झालीस.
काय बोलले?
डोळे मिटून, टेप चिमटीत सरकवत
त्यांनी एकेक अक्षर मोजून दिलं:
"छत-री... गेत-ली का."
मी अर्थ जुळवू लागले, ओंब्रेलो,
कर्म आहे, न लावायचा,
तेवढ्यात त्याच म्हणाल्या, छत्री कळली मला,
आमच्यात चत्र म्हणतात.
आणि जीभ चावली,
टेबलावर बोट वाजवलं, टक्,
स्वतःसाठी.

'गेतली का' राहिलंच.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
आमसुलं मात्र बशीत काढून दाखवली,
ह्याला काय म्हणायचं, ते ठरवण्यात
दुपारची बस चुकली.