उसनवारी

पहिली वस्तू तांब्याची होती.
सन सदुसष्ट, तांबट आळी, नाशिक.
सखाहरी तांबटांनी जन्मभर घडवले
बंब, घंगाळी, गंगाजळाचे गडू.
गोदूबाईंची कंबर बसली तेव्हा मात्र
रात्री दार लावून, हातोडीला चिंधी गुंडाळून
त्यांनी ठोकलं एक पसरट भांडं,
ज्याचं नाव शेजारी घेईनात.
कड तेवढी तीनदा घासली,
कातडीला लागू नये म्हणून.

गोदूबाई दिवाळीच्या आत गेल्या.
तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी
भद्रकालीतून हसन पिंजारी आला, दारातच थांबला.
"आईला हवं होतं... तुमच्याकडचं ते."
ते.
सखाहरींनी ते चिंचेनं, राखेनं लखलखीत करून दिलं
आणि भिंतीवर खडूनं लिहिलं : हसन, एक.

म्हटलं तर इतिहास एवढाच.

पुढचं सगळं भिंत पुरेना म्हणून झालं.
वही आली. वहीत लोखंडी कॉट आली.
नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले दाणी आले,
तीस वर्षं नोटांचे आकडे तपासलेला माणूस,
एक कुबडी कमी भरली तर जेवायचा नाही.
देवळालीच्या पारशी बाईंनी व्हीलचेअर पाठवली,
सोबत चिठ्ठी : चाकात तेल घालत जा, कुरकुरते.

धर्मादाय कचेरीत कारकुनानं विचारलं, संस्थेचं नाव?
"उसनवारी."
असं नाव नसतं, तो म्हणाला,
आणि स्वतःच लिहून टाकलं रुग्ण, सेवा, मंडळ, असंच काहीतरी.
पावतीवर ते आहे.
आळीत विचाराल तर कुणी सांगू शकणार नाही.

ज्या वर्षी पाणी दुतोंड्याच्या गळ्याशी आलं
त्या वर्षी आमची खालची खोली बुडाली.
वह्यांचा लगदा. कुणाकडे काय आहे,
पुरावाच उरला नाही.
दाणींच्या आठवणीप्रमाणे एकोणचाळीस वस्तू बाहेर होत्या.
महिन्याभरात लोकांनी आणून दिल्या एक्केचाळीस.
वरच्या दोन कुणाच्या, अजून कळलेलं नाही.

मी आले नंतर, वॉटरबेड मागायला.
ह्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या.
चार महिन्यांनी तो घडी घालून परत आणला
तेव्हा दाणींनी रकान्यात फक्त तारीख घातली.
मी विचारलं, माणूस बरा झाला की...
ते कुठं लिहिता?
सखाहरी नव्वदीत होते, कोपऱ्यात कॉटचे नट आवळत होते.
"बाई, वस्तू आली का, एवढंच विचारायचा
आपल्याला हक्क."
मग थोड्या वेळानं, "चहा घेतलात का?"
माझी दोनशे रुपये अनामत अजून जमा आहे.
दर मार्चला हिशेबात अडते. अडू दे.

आता वही माझ्याकडे असते.
एकवीसच्या एप्रिलात ऑक्सिजनची बाराही यंत्रं बाहेर होती
आणि फोन थांबत नव्हता.
दिलेल्याची नोंद होते, नाही म्हटल्याची होत नाही.
मी ठेवलीय.
शेवटच्या पानावर, नावांसकट.

तांब्याचं ते भांडं वरच्या फळीवर आहे.
परवा कुणीतरी त्याला हार घालायला निघालं,
मी ओरडलेच.
लागलं तर आजही देता येईल, पोचा नाही एकही.

आत्ता दारात एक मुलगा आहे, सातपूरचा,
कंपनीच्या गणवेशातच आलाय.
"कॉट आहे का?"
आहे.
"किती माणसं आणू उचलायला?"
कॉट जड आहे, चार कोपरे, चार जण, हिशेब सरळ आहे.
पण सखाहरींनी कधी चौघं येऊ दिले नाहीत.
तिघं आले तर स्वतः हात लावायला जायचे नाहीत,
चौघं आले तर निघायचे, पाचवे म्हणून,
अगदी गंगापूर रोडपर्यंत, पायी, एक हात नुसता टेकवून.

मी वही मिटते. चपला शोधते.
"आण तू," म्हणते, "किती का असेनात."