चौऱ्याऐंशी दुकानं

फणसे मास्तरांनी पहिले तीन महिने
मला कशालाच हात लावू दिला नाही.
स्टुलावर ठोकलेला ट्रकच्या टायरचा तुकडा, त्यावर दोन काठ्या:
उजवी डावी उजवी उजवी
डावी उजवी डावी डावी.
दांडिया बाजारातल्या त्या माळ्यावर उकाडा असा
की काठ्या घामानं निसटत.
"मारू नकोस गं, पडू दे," म्हणायचे,
"वर यायचं तिचं ती बघते."

मग मोठ्या झांजा. समोरासमोर आपटल्या की
मध्ये हवा कोंडते आणि नुसतं फस्स.
त्यांची गाठ तिरकी घालायची,
गर्दीत ओळखीचं कुणी
खांदा घासून पुढे जातं तशी.

मग टिंपनी. बाकीचे जोरात वाजवत असताना
कातड्याशी कान नेऊन स्वर गुणगुणायचा,
आणि तांब्याचं ते पोट तोच स्वर परत देईपर्यंत
पाय पेडलवर.

वडील तबला वाजवणारे. जेवताना विचारायचे,
"आज काय वाजवलंस?"
"काही नाही."
खरंच काही नाही. चाळीस जण वाजवत होते,
मी मोजत होते.
त्यांना खाली ठाऊक होती, पण ती
हात उघडून परत मिटण्याइतकी.
सलग चौऱ्याऐंशी बार खाली,
आणि पुढे ट्रँगलचा एक ठोका,
हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"मन पळतं त्यात," मी मास्तरांना म्हटलं.
"पळणारच. रस्त्यानं पळव."
आणि त्यांनी मला त्यांचा रस्ता दिला:
मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत, डाव्या हाताची दुकानं,
दुकानाला एक बार.
अत्तरवाला, बांगडीवाला, दोन वजनकाटेवाले भाऊ
एकमेकांशी न बोलणारे,
फरसाण, फरसाण, कुलपं.
मी पेन्सिल घेऊन चालले, पाठ केलं, पुन्हा चालले.

कार्यक्रमाच्या रात्री ट्रँगल टांगला
उत्तरायणातून उरलेल्या दोरीला, बिनमांजाच्या.
न्यायमंदिर आलं. मी वाजवला.

एक बार आधी.

फ्लूटवाल्या पेसीकाकांनी नुकता श्वास घेतला होता,
तो आतच राहिला.
एवढासा आवाज, पण जाता जाईना.
बोटांनी धरून थांबवता येतो,
पण मग चूक आणखीच ऐकू जाते,
म्हणून मी तो तसाच वाजू दिला,
बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत.

पडद्यामागे मास्तर एवढंच म्हणाले,
"कुठलं दुकान गेलं?"

सकाळी दोघं चालत निघालो. मोठ्यानं मोजत.
लारीवाले बघत होते.
बासष्टावं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची खोली
शेजारच्या साडीवाल्यानं भिंत पाडून आत घेतली होती.
काचेपलीकडे बाहुल्या नेसून उभ्या.
मास्तरांनी काचेवर तळवा टेकवला,
टिंपनीवर टेकवायचे तसा, कंप थांबवायला.
"माझ्यात अजून बसतो तो," म्हणाले.

आता शनिवारी शाळेच्या जिन्याखाली मी शिकवते.
टायरचा तुकडा तोच, स्टूल तिसरं.
जीनल परमार, वय अकरा, हातात ट्रँगल,
वहीत चौऱ्याऐंशी बार कोरे.
"टीचर, एवढा वेळ मी करू काय?"
अत्तरवाला ओठांवर आला होता.
गिळला.
"तुझा रस्ता शोध," म्हटलं.
पुढचा आठवडाभर ती रुसली,
मग एक दिवस बरोबर आली,
मग पुन्हा चुकली, मग आली.

तालमीला मी खाली बसून माझे मोजते,
छत्रीवाल्याला धरून.
वर तिचे ओठ हलत असतात.
चाळिसाव्या बाराच्या सुमाराला ती दर वेळी
किंचित हसते.
तिथे कोण राहतं,
मी विचारलेलं नाही.