मुदत

मे महिना, सकाळचे साडेसात,
आणि गड्डीगोदामच्या गल्लीत टिनाला हात लावता येत नाही.
सुखदेव नागदिवे बॉनेटवर ओलं पोतं टाकतो,
मगच कोपर टेकवतो.
"आवाज कसा येऊन राह्यला, मॅडम?"
मी तोंडानं करून दाखवते :
चिर्र. मग काहीच नाही. मग परत चिर्र.
तो हसत नाही.

उमरेड शाखा. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर.
एकोणीस वर्षं मी लोकांच्या ठेवी लिहिते,
रक्कम, व्याज, मुदत संपण्याची तारीख.
पाचगावच्या किराणावाल्याला स्वतः फोन लावते,
काका, पावती पिकली, या.
आणि या गाडीच्या पोटात एक पट्टा फिरतो
हे मला तीन वर्षं ठाऊक नव्हतं.

दहाचा पाना. तीन बोल्ट.
चौथा आधीच कोणीतरी हरवलेला.
झाकण निघालं तेव्हा दिसला :
काळा, दातेरी, जेमतेम दोन बोटं रुंद.
"हा? एवढासा?"
"एवढासाच. वर चाक, खाली चाक.
खालचं दोनदा फिरलं का वरचं एकदा.
व्हॉल्व्ह खाली उतरला का पिस्टननं दूर राहाचं,
पिस्टन वर आला का व्हॉल्व्हनं दार लावून घ्याचं.
दोघायची भेट नाही झाली पाहिजे.
पट्टा तुटला का भेट होते.
मग पन्नास हजार धरून चाला."

मला आमचं महालातलं स्वयंपाकघर आठवलं.
सकाळी जाऊबाई, संध्याकाळी मी.
बारा वर्षं एकाच ओट्यावर, कढईला कढई लागली नाही.
मधे कोण फिरत होतं
तेव्हा झाकण उघडून पाहिलं नाही.

सुखदेवनं पट्टा उलटा वाकवला.
पाठीवर भेगा, टाचेला पडतात तशा,
बारीक, जवळजवळ.
कडेला पांढरे दोरे सुटलेले.
एक दात अर्धा.
"अन् हे चमक पाहा."
मला वाटलं, चमकतं म्हणजे बरं असेल.
"रबर चमकलं म्हणजे घासून राह्यलं, मॅडम.
तुमचा आवाज याचा नाही, ताण धरणाऱ्या बेअरिंगचा.
पट्टा बोलत नाही.
जाते तवा सीधा जाते."

मग त्यानं झाकण पालथं केलं.
आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात, कोण्या जुन्या मिस्त्रीच्या अक्षरात :
१२ मार्च २०१५. ३८,२१०.
मीटरवर आज १,३१,६४०.
वजाबाकीला मला कागद लागत नाही.
त्र्याण्णव हजार चारशे तीस.
भाऊजींनी गाडी दिली तेव्हा छप्पन हजार होते,
आणि म्हणाले होते,
"बेल्ट वर्षापूर्वीच टाकला, तू त्याच्याकडे पाहूच नको."

पाहिलं नाही.

"साठ हजाराले बदलाचा असते," सुखदेव म्हणाला,
आणि माझ्या तोंडाकडे पाहून पुढचं बोलला नाही.
पोराला चहा आणायला पाठवलं.

पट्टा, बेअरिंग, पाण्याचा पंप : सात हजार आठशे.
खुणेला खूण लावली.
मग चावीला हात न लावता
पान्यानं इंजिन हातानंच फिरवलं,
एकदा, अजून एकदा,
कान लावून, श्वास धरून,
खुणा पुन्हा समोरासमोर येईपर्यंत.
इतक्या सावकाश माझं काम
मी शेवटचं कधी तपासलं होतं?

झाकण लावण्याआधी मी त्याच्याकडून ब्रश मागितला.
जुन्या अक्षराखाली लिहिलं, बँकेच्या अक्षरात,
तारीख, आकडा,
आणि सवयीनं तिसऱ्या ओळीत : मुदत, १,९१,६४०.
सुखदेव म्हणाला, "सही पण करा ना."
केली.

जुना पट्टा घरी आणला.
कूलरची खसाची टट्टी सुटत होती, ती त्यानं बांधली.
तेवढं काम तो अजून करतो.

रविवारी भाऊजींचा फोन.
"गाडी कशी काय?"
"छान," मी म्हटलं.
ते थांबले. मीही थांबले.
कूलरमधून पाणी ठिबकत होतं,
आणि टट्टीवरच्या भेगा
आता उन्हात स्पष्ट दिसत होत्या.