निळी बादली

लाईटबिल दुप्पट आलं, तेव्हाच मी ओळखलं
गच्चीवरच्या खोलीत काहीतरी उगवतंय.

प्रज्योत, आटपाडीकडचा, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष.
भाडं पाच तारखेला, चपला दाराबाहेर जोडीनं.
असा पोरगा खिडकीच्या काचेला चांदीचा कागद लावतो
म्हणजे एकतर प्रेमात असतो, नाहीतर भीतीत.

मी तीस वर्षं कृषी खात्यात काढली.
वाळव्यापासून जतपर्यंत बांधाबांधावर उभी राहिले,
पानावरचा एक ठिपका बघून सांगायची
मुळाशी काय बिनसलंय.
विश्रामबागेतल्या माझ्याच घरात
दुसरी किल्ली अजून माझ्याकडं होती.

रंगाची रिकामी निळी बादली.
तळाला एकही भोक नाही. आत चिखल.
वर बाजारातला जांभळा दिवा, वायरीला चिकटपट्टी,
आणि खाली तीन रोपं, पाणी पिऊन पिऊन पिवळी पडलेली,
कातरलेल्या कडांची पानं, बोटं पसरून,
बुडणारा माणूस हात वर करतो तशी.

शेजारी वही.
‘दिवस नववा. उंची चार बोटं.’
‘आज सुकल्यासारखं वाटतंय. पाणी दिलं.’
‘आज पण दिलं.’

आधी हसू आलं.
ज्याच्या बापानं टँकरवर दीडशे डाळिंबं जगवली
त्याचा हा लेक.
मग पोटात गोळा.

एकदा पंच म्हणून नेलं होतं मला,
हळदीच्या रानात.
हळदीआड पुरुषभर उंच उभं होतं ते, आणि तो वास.
फौजदार म्हणाले, मॅडम, ओळखा.
मी ओळखलं. सही केली.
रानाचा मालक बांधावर बसून
खुरप्याची माती नखानं काढत होता,
सगळी निघाली तरी काढतच होता.
किलो किती भरले ते विसरले. खुरपं नाही.

जिभेवर आलं होतं: पोरा, मुळांना श्वास लागतो,
भोक पाड बादलीला.
तीस वर्षं हेच तर बोलले.
गिळलं.

उपटली तिन्ही.
बंबात नाही घातली, गल्लीभर बोभाटा झाला असता.
खताच्या खड्ड्यात, खोल.
स्क्रूड्रायव्हर तापवून सात भोकं पाडली,
पुरानं अंगणात टाकून दिलेला गाळ घातला
आणि सावळजच्या जाऊबाईंकडचं
अंबाडीचं बी, चिमूटभर.

त्यानं वहीत लिहिलं, ‘मेली. पण परत फुटतायत!’
मग, ‘पानं गोल आहेत. व्हिडिओत अशी नव्हती.’
तीन आठवडे मी जिन्यावर पाय न वाजवता चढले,
चोरासारखी, माझ्याच घरात.
मग एका पानाला तीन बोटं फुटली, पुढच्याला पाच.
‘आली!!!’ त्यानं लिहिलं. तीन उद्गारचिन्हं.
दिवा बंद झाला. बादली टाकीमागं उन्हात आली.
आता तो माती चिमटीत धरून बघायचा
आणि मगच पाणी घालायचा.
कुणी शिकवलं नव्हतं.

नवरात्राच्या तोंडावर एक सकाळ.
बादली छातीशी धरून तो खाली आला.
शेंड्यावर पिवळं फूल, मधोमध काळसर लाल डोळा.
‘काकू, हे काय आहे?’
‘तुला काय वाटलं होतं?’

मोरीतला नळ ठिबकत होता.
मी कोवळं पान खुडलं, त्याच्या तळव्यावर ठेवलं.
त्यानं चावलं. डोळे मिटले.
आंबटानं, का आणखी कशानं, मी विचारलं नाही.

दुपारी भाजी केली, कण्या घालून,
वर लसणाची फोडणी. ज्वारीची भाकरी.
तो खाली मान घालून जेवला, दोनदा वाढून घेतली.
हात धुताना एवढंच म्हणाला,
‘भोकं तुम्ही पाडलीत व्हय.’

दुसरी किल्ली मी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.
त्यानं ताट उचललं, घासलं, पालथं घातलं.
किल्ली तिथंच आहे.